पंधरा बाय पंधराचा तुकडा

४ मार्च

चि. मोजपट्टीस,
मामाचा आशीर्वाद, नेहमीच्या मापाने, म्हणजे काठोकाठ.

फोन सोडून पत्र लिहितोय याला कारणं दोन. एक, फोनवर तू मधेच हसतेस आणि माझा मुद्दा निसटतो. दोन, सोबत पार्सल आहे, आणि त्यात चिठ्ठी नसली तर तुमच्या प्रयोगशाळेत कोणीतरी ही पावडर दुधात घालून पिऊन टाकेल. चॉकलेट दुधाची पावडर आहे.

त्याचं झालं असं. ही पावडर बनवणाऱ्या कारखान्याचे मालक माझ्याकडे आले. त्यांचा जुना हॉपर मी जाऊन बघितला. वर रुंद, खाली निमुळता, पोलादी. वरून पावडर ओतायची, खालून ती डब्यांत पडायची, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. पण पावडर पडेल तर शपथ! तोंडाशी कमान धरून बसते. मग एक माणूस हातोडा घेऊन हॉपरला बाहेरून बडवतो. दिवसभर. पगारच त्याचा मिळतो त्याला. सगळे त्याला ठोक्या म्हणतात आणि तोही ओ देतो. त्या हॉपरचं अंग बघवत नाही गं, देवीचे व्रण बरे दिसतील.

मी मालकांना म्हटलं, "माझ्या वर्कशॉपवरची पाटी वाचलीत का?" तुला ती पाठ आहेच : 'हातोडा न लागणारे हॉपर'. सव्वीस वर्षं, एकशे अठरा हॉपर, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. पुढे हेही म्हटलं, "तुमच्या ठोक्याला एकदा जरी हातोडा उचलावा लागला, तर ही पाटी मी माझ्या हाताने उतरवीन." मालक म्हणाले, "पाटी राहू द्या हो, मला प्रयोगशाळेचा रिपोर्ट द्या. माझ्या भागीदाराचा फक्त कागदावर विश्वास आहे."

माझी प्रयोगशाळा माझ्या मनगटाला जोडलेली आहे हे तुला ठाऊक आहे. मूठभर पावडर घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची, गोळ्याला बोटाने टोचायचं. भुगा झाला तर भिंतीला साठ अंशांचा उतार. दोन तुकडे झाले तर पासष्ट. इथे दोन तुकडे झाले, स्वच्छ. तेव्हा जमिनीपासून पासष्ट अंशांची भिंत, खाली तीनशे मिलिमीटरचं तोंड, विषय संपला. तुझ्या मशीनला उत्तर आधीच सांगून ठेव, म्हणजे त्याचाही वेळ वाचेल.

तुझा,
मामा


११ मार्च

ती. मामांना नमस्कार, आणि मामींना जरा जास्त वाकून.

पार्सल पोचलं. चारशे ग्रॅम पावडरमध्ये चाचणी होत नाही, पण आमच्या अख्ख्या मजल्याचं चॉकलेट दूध होतं. तुमची भीती खरी ठरली. साहेबांनी दोनदा घेतलं.

चाचणीला चार किलो लागेल. आणि पोत्यातली वरवरची भुरभुरीत नको. मधली, दबलेली, हवाबंद डब्यात.

आमचं मशीन म्हणजे काही जादू नाही. एका कड्यात पावडर भरायची, वरून वजन ठेवून दाबायची, मग झाकण हळूहळू फिरवायचं आणि किती जोर लावल्यावर पावडर सरकते ते मोजायचं. तुमची मूठच म्हणा ना, फक्त तिला घाम येत नाही आणि ती स्वतःची स्तुती करत नाही. एवढ्यावरून हॉपरचं तोंड किती मोठं हवं ते कळतं. भिंतीचा उतार मात्र कळत नाही. त्यासाठी तीच पावडर पत्र्यावर सरकवून बघावी लागते. म्हणून हॉपरच्याच पत्र्याचा पंधरा बाय पंधरा सेंटीमीटरचा एक तुकडा पाठवा. आतल्या बाजूने हॉपर जसा असणार, अगदी तस्साच. 'तस्सा'खाली मी दोन रेघा ओढल्यात, दिसल्या ना?

आणि मामा, पत्रा अजून कापला नाहीत ना? रिपोर्ट येईपर्यंत कात्री हातात घ्यायची नसते.

तुमची,
मोजपट्टी


१६ मार्च

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद, चारशे ग्रॅम. तुमच्या मजल्याला पुरतील.

पत्रा कापला का, असं तू विचारलंस. तिकडे हवा कशी आहे? इकडे बरी आहे.

चार किलो पावडर डब्यात सीलबंद केली आहे. पोत्याच्या पोटातली आहे, खांद्यापर्यंत हात घालून काढली. मामी म्हणते, या शर्टाला आता लहान मुलं चाटत सुटतील.

पत्र्याचा तुकडा वेगळा बांधला आहे. आधी फ्लॅनेल, मग वर्तमानपत्र, मग पुठ्ठा, याच क्रमाने. उघडताना उलट क्रमाने उघड आणि मधे बोट लावू नकोस, ठसा उमटतो. बरोबर एकशे पन्नास मिलिमीटर आहे, दोन्हीकडून. एकशे एकोणपन्नास पूर्णांक नऊ भरला तर तुझी पट्टी बदल. हा माझा पत्रा. तुमच्या साहेबांना आरसा सापडला नाही तर यात बघून भांग पाडायला हरकत नाही.

जाता जाता सांगतो. त्या कारखान्यात हॉपरच्या बरोबर वर लोखंडी तुळई आहे. पासष्ट अंशांचा हॉपर तिच्याखाली बसतो आणि वर चार बोटं जागा उरते. बसेल, असं म्हणायचं होतं. कोणी केला तर.

मामा


२९ मार्च

ती. मामा, बसून वाचा.

तोंड : कमीत कमी दोनशे सत्तर मिलिमीटर. तुम्ही म्हणालात तीनशे.
भिंत : चौसष्ट अंश पुरेत. तुम्ही म्हणालात पासष्ट.

कारखान्यात शुक्रवारी संध्याकाळी हॉपर भरून ठेवतात आणि सोमवारी सकाळी उघडतात, म्हणून पावडर त्रेसष्ट तास वजनाखाली ठेवूनही चाचणी केली. तोंडाचा आकडा त्यानंतरचा आहे. साहेबांनी सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. मग विचारलं, "हे तुझे मामा शिकले कुठे?" मी म्हटलं, "कुठेच नाही. ते कोणाचं ऐकून घेतील तर ना!"

आता एक कागदाचं काम. भिंतीचा आकडा नुसत्या पोलादाचा नसतो, त्या पृष्ठभागाचा असतो. पत्रा तोच, पण अंग जरा खरखरीत असलं तर सात-आठ अंशांचा फरक पडतो. म्हणून सोबत एक फॉर्म आहे. त्यावर एकच ओळ आहे : 'पाठवलेला तुकडा आणि हॉपरची आतली बाजू एकसारखी आहे : होय / नाही.' खाली सही आणि तारीख. हा फॉर्म आल्याशिवाय रिपोर्ट मालकांकडे जाणार नाही. त्यांना तो बावीस एप्रिलपर्यंत हवा आहे, एकोणतीसला त्यांचा नवा हॉपर सुरू व्हायचाय.

तुमच्या सहीवर माझा डोळे मिटून विश्वास आहे. पाचवीत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर 'वडिलांकरिता' असं लिहून सही करा म्हणून मी तुमच्यामागे दोन दिवस रडत फिरले होते. केली नाहीत ती नाहीतच.

मोजपट्टी


३ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद. वजन करायला वेळ मिळाला नाही.

पत्र बसून वाचलं. मग उभं राहून वाचलं. मग मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जिंकलात की! मग तोंड असं का?" मी म्हटलं, माझं तोंड असंच आहे.

फॉर्मवर चहा सांडला. दुसरा पाठव.

तुला एक विचारायचं होतं, सहज. माझा एक मित्र आहे, याच धंद्यातला, तू त्याला ओळखत नाहीस. त्यानेही असाच एक तुकडा कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवला. पाठवण्याआधी जरा पुसला. पुसला म्हणजे हिरवं पॉलिश लावून लोकरी फेल्टने चाळीस मिनिटं पुसला. लबाडी नाही गं त्यात, चांगल्या घरी काही पाठवायचं तर नीटनेटकं पाठवावं, एवढाच हेतू. त्याच्या हॉपरचा पत्रा मात्र पोलादाच्या गिरणीतून आला तसाच, खरखरीत आहे. आणि तो मूर्ख हॉपर वेल्डिंग होऊन उभासुद्धा आहे. रिपोर्ट येईपर्यंत कात्री हातात घ्यायची नसते, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगितलं, पण उशिरा सांगितलं.

अशा माणसाने काय करावं? मला काय, उगाच कुतूहल.

मामा


८ एप्रिल

ती. मामा,

फॉर्मच्या तीन प्रती पाठवतेय. एक चहासाठी, एक तेलासाठी, एक सहीसाठी.

तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा. त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, हॉपर मोडून उतार वाढवायचा. साधारण बहात्तर अंश धरले तर तुमच्या मापाच्या हॉपरची उंची सत्तर सेंटीमीटरने वाढेल. वर तुळई असली तर ती कापावी लागेल. मित्राकडे तुळई आहे का, मला माहीत नाही.

दुसरी, फॉर्मवर 'नाही' लिहायचं. मग प्रयोगशाळा मालकांना सांगेल की हा हॉपर अडकणार. मित्राच्या वर्कशॉपवर एखादी पाटी वगैरे असेल तर तिचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

तिसरी, पूर्ण हॉपर आतून तितकाच पॉलिश करायचा, इंचन् इंच. फेल्ट गोल गोल फिरवून चालणार नाही. शेवटचा हात वरून खाली, पावडर ज्या वाटेने घसरणार त्या वाटेने. आणि त्यांना तोंडाला मास्क बांधायला सांगा, धुळीने त्यांना आठ-आठ दिवस खोकला येतो. असा आपला अंदाज, मी कुठे ओळखते त्यांना!

मोजपट्टी


१३ एप्रिल

मोजपट्टीबाईंना मामीचा गोड पापा.

तुझ्या मामांच्या पाकिटांवर पत्ता माझ्या अक्षरात असतो, कारण त्यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही. म्हटलं पत्ता लिहितेच आहे तर आज आत कागदही घालावा. तुला काही सांगायचं नाही असं मला बजावलंय. म्हणून सांगत नाही, नुसती लिहितेय.

तुझे मामा बुधवारपासून हॉपरमध्ये राहायला गेले आहेत. सकाळी सहाला आत उतरतात. उलट्या शंकूत बसायला जागा कुठली? दोरीने फळी टांगली आहे, तिच्यावर एक मांडी टेकवून मशीन चालवतात. दुपारी मी डबा घेऊन गेले तर माणूस दिसेना, नुसतं गाणं ऐकू येत होतं. तेही घुमून आलेलं, त्यामुळे बरं वाटलं. हाक मारली तर खालच्या भोकातून हात बाहेर आला. त्या हातात मी डबा दिला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण असं जेवायला वाढलं नव्हतं कधी.

घरी येतात तेव्हा नाक काळं, भुवया हिरव्या. फ्रिजवर हिशेब चिकटवलाय : आतली भिंत पाच पूर्णांक शहाऐंशी चौरस मीटर, म्हणजे तुझ्या तुकड्याच्या दोनशे साठपट. मशीनने एका तुकड्याएवढ्या जागेला पंधरा मिनिटं, म्हणजे पासष्ट तास. रोज संध्याकाळी त्यातून तास खोडतात. खांदा इतका धरलाय की शर्टाची वरची बटणं मी लावते.

मी म्हटलं, "अहो, त्यापेक्षा 'नाही' लिहून मोकळे व्हा." तर म्हणाले, "पाटी उतरली तर मी वर्कशॉपात पाऊल टाकणार नाही." आता सांग, हा माणूस चोवीस तास घरात? मी लगेच त्यांच्या खांद्याला तेल लावायला घेतलं.

एक विचारू? तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना?

मामी


२० एप्रिल

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद, डाव्या हाताने. उजवा वर होत नाही.

फॉर्म सोबत आहे. 'होय'. तारीख आजची घातली आहे, कारण काल संध्याकाळी पावणेपाचला ते वाक्य खरं झालं. त्याआधी ते खोटं होतं आणि तेव्हा मी सही केली नाही, हे लक्षात घे.

तो मित्र मीच होतो. तुला कळलं असेलच, पण लिहून टाकलं म्हणजे हिशेब पुरा होतो. मुलाला पाहुण्यांकडे पाठवताना तोंड धुऊन पाठवतात ना, तसा मी तो तुकडा पाठवला. चाचणी त्या न धुतलेल्या तोंडाचीच आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सव्वीस वर्षांत माझ्या पत्र्याला कोणी प्रश्न विचारला नव्हता गं, त्याने कसं उभं राहायचं ते मला माहीत नव्हतं.

पासष्ट तास धरले होते, एकाहत्तर लागले. शेवटचा हात वरून खाली, एकसुद्धा आडवी रेघ नाही. सगळीकडे तुकड्यासारखंच, कुठेही वाका, भिंतीत माझ्या मिशीतले पांढरे केस मोजता येतात. एकोणीस आहेत. मार्चमध्ये चौदा होते.

आता रिपोर्ट पाठव.

मामा


२३ एप्रिल

ती. मामा,

फॉर्म काल दुपारी दोनला आला, तीनला रिपोर्ट मालकांकडे गेला.

रिपोर्टला दोन पानं आहेत. पहिलं तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्याबद्दल मी तुम्हाला काही बोलले नव्हते. दुसरं पान : तोच तुकडा, पण उलटा करून. भिंत बहात्तर अंश. चाचणीची तारीख अठ्ठावीस मार्च.

पार्सल उघडलं तर फ्लॅनेलला पॉलिशचा वास. तुकडा हातात घेतला तर माझे दात दिसले. गिरणीतून असा पत्रा येत नाही, हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच, सुट्टीत वर्कशॉप झाडून घेताना. मग मी तो उलटा केला. मागची बाजू आली तश्शीच होती.

आठवतंय? मी अंघोळ झाली म्हणून सांगत यायचे, तेव्हा तुम्ही माझा कान पुढे वाकवून मागे बघायचात. तोंड चकाचक, कानामागे मळ. परत मोरीत. मी फक्त तुमच्या तुकड्याचा कान वाकवला.

लगेच का सांगितलं नाही? एक तर तुम्ही ऐकलं नसतं, मशीनलाच नावं ठेवली असती. आणि खरं सांगू, मला बघायचं होतं की तुम्ही त्या फॉर्मवर काय करता. बावीसला संध्याकाळी पाचपर्यंत फॉर्म आला नसता, तर दुसरं पान एकटंच मालकांकडे गेलं असतं. मी रडत पाठवलं असतं मामा, पण पाठवलं असतं.

आता दोन्ही पानं त्यांच्याकडे आहेत. पॉलिश राखलं तर काय आणि झिजू दिलं तर काय, दोन्ही त्यांना कळेल. सोमवारी काय झालं ते लगेच कळवा. माझी नखं संपत आली आहेत.

मोजपट्टी


३० एप्रिल

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद, आठशे किलो. काल तेवढीच पावडर हॉपरमध्ये होती.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला भरला, सोमवारी सकाळी आठला उघडायचा. मालक होते, भागीदार कागद घेऊन होता, आणि ठोक्या जागेवर उभा. हातात हातोडा. मालकांनी म्हटलं, "अरे, आज तो कशाला आणलास?" तर म्हणतो, "सोमवार आहे साहेब." जुन्या हॉपरला सोमवारी सगळ्यात जास्त बडवावं लागायचं. तळहातावर थुंकूनसुद्धा घेतलं होतं त्याने.

झडप उघडली. एक सेकंद. काही नाही. दोन सेकंद. काही नाही. ठोक्याने हातोडा खांद्यापर्यंत नेला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी माझ्या पाटीचे स्क्रू मोजत होतो, मनातल्या मनात. सहा आहेत.

आणि मग आलं. भसकन् नाही, गुठळ्या नाहीत, मधेच विहीर पडून कडेची पावडर चिकटून राहणं नाही. मी शिडीवर चढून वरून बघितलं, तर सगळी पावडर एकदम, सपाट, लिफ्टसारखी खाली उतरत होती. कडेची आणि मधली एका पायरीवर. अठरा मिनिटांत हॉपर रिकामा. भिंतीवर बोट फिरवलं, बोटाला चहात घालायलाही पुरणार नाही एवढी पावडर लागली.

ठोक्या तसाच उभा, हातोडा खांद्यावर. म्हणाला, "साहेब, मग आता मी काय करू?" मी खिशातून खिळा काढला, भागीदाराच्या हातातली दोन्ही पानं घेतली आणि म्हटलं, "हे इथे लाव. भिंतीवर. हॉपरला हात लावलास तर याद राख." त्याने एका ठोक्यात खिळा बसवला. काय हात आहे! मालकांनी त्याला झडपेवर नेमलंय. आता बसून काम आहे. नाव मात्र तेच राहणार म्हणतो, सवय झालीय.

आता शेवटचा मुद्दा. तुकड्याची मागची बाजू मी मुद्दाम तशीच ठेवली होती. तू उलटून बघतेस की नाही, ते मला पाहायचं होतं. पास झालीस. पुढच्या कामाचा तुकडा याच पाकिटात आहे. धुण्याच्या पावडरीचा हॉपर. पत्रा अजून कापलेला नाही. हवा बरी आहे.

मामा

ता. क. पत्ता लिहिता लिहिता मामी लिहितेय. मुद्दाम वगैरे काही नाही. तुझं तेवीसचं पत्र वाचताना ह्यांनी "अरेच्चा, मागची!" म्हणून कपाळावर हात मारला, तोही दुखऱ्या खांद्याचा, आणि मग दहा मिनिटं विव्हळत बसले. आता त्यातून काय शिकले ते ऐक. धुण्याच्या पावडरीसाठी तुला पाठवायचा तुकडा काल बांधून ठेवला होता. मी कान वाकवून बघितला. दोन्ही बाजूंनी आरसा! चार कडासुद्धा सोडल्या नाहीत. तो मी काढून घेतला, माझ्या कपाटात छान दिसतो, टिकली लावायला बरा पडतो. पाकिटात आहे तो वर्कशॉपच्या ढिगातला, कोणी बोटसुद्धा न लावलेला. ह्यांना सांगू नकोस.